प्रेस सुटतेय. ५३ व्या वर्षी लवकरचं पेन्शन घेऊ की अपंगत्वाचं?

मशीनमन_भांडुप | १२ ऑगस्ट २०२५

नमस्कार मंडळी. मोबाइलवर अक्षर मोठं करून लिहितोय. मुलगी शेजारी बसून वाचून दाखवतेय, तरी काही चुकलं तर सांभाळून घ्या.

मी लोअर परळच्या एका प्रेसमध्ये चार रंगांच्या ऑफसेट मशीनवर मशीनमन आहे. वय ५३. या लाईनीत हेल्पर म्हणून आलो, पीएफ कापायला लागला जानेवारी २००१ पासून. पहिली प्रेस प्रभादेवीला होती, ती २००९ मध्ये बंद पडली. तेव्हापासून इथे आहे. आम्ही मुख्यतः औषधांची खोकी छापतो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, कागदाच्या कडेला चारही रंगांच्या बारीक फुल्या छापलेल्या असतात. त्या एकावर एक बसल्या की रजिस्टर जुळलं. भिंग लावून त्या फुल्या बघायच्या आणि केसाएवढा फरक असला तरी मशीन थांबवून प्लेट सरकवायची, हे माझं काम. पंचवीस वर्षं केलं.

गेल्या वर्षी दिवाळीच्या आधी चार हजार शीटचा लॉट गुलाबी रंग सरकून गेला आणि मला कळलं नाही. हेल्परने दाखवलं. मी भिंग लावून पाहिलं तर मला फुली सरळच दिसत होती. मग लक्षात आलं की फुलीची एक बाजू मला दिसतच नाही, तिथे डोळा आपलं आपण कोरं भरून घेतो.

तपासणीत काचबिंदू निघाला. उजवा डोळा जवळपास गेलेला आहे. डाव्याने समोरचं वाचता येतं, पण आजूबाजूचं नाही. काळ्या डब्यात हनुवटी टेकवून ती तपासणी करतात ना, बारीक उजेडाचा ठिपका दिसला की बटण दाबायचं, तिथली मुलगी मला म्हणाली, "काका, झोप लागली का? बटण दाबा." मी जागाच होतो. ठिपके येत होते, मला दिसत नव्हते. डॉक्टर म्हणाले, गेलेली नजर परत येणार नाही, थेंब घालून उरलेली टिकवायची. सकाळ-संध्याकाळ थेंब चालू आहेत.

मशीनवर उभं राहणं आता धोक्याचं आहे. फिरत्या रोलरजवळ माझा हात कुठे आहे हे मला दिसत नाही. मालकांनी आठ महिने सांभाळून घेतलं, कटिंगला बसवलं, मोजणीला बसवलं. पण आता त्यांनी सल्लागाराला बोलावलं. पीएफ-बीएफचं तोच बघतो. तो म्हणाला, "तुमची पन्नाशी झालेली आहे, दहा वर्षांच्या वर सर्व्हिस आहे. वैयक्तिक कारणासाठी राजीनामा द्या, मी १०-डी (पेन्शनचा फॉर्म) भरतो, दोन-तीन महिन्यांत पेन्शन सुरू." त्याने पत्र टाइप करून आणलं आहे. गणपतीच्या आधी सही करून द्या म्हणतात.

हिशेब असा सांगितला. आज पूर्ण पेन्शन काढलं तर साधारण ३,३०० बसतं. पूर्ण पेन्शनच्या वयाला, म्हणजे ५८ ला, पाच वर्षं कमी आहेत, प्रत्येक वर्षाला ४ टक्के कापून २,६५० च्या आसपास हातात येतील. मूळ पगार आणि महागाई मिळून १३,८०० आहे, सगळं धरून २०,४००. त्यातून पीएफ जातो, ईएसआयचे (कामगार विम्याचे) १५३ जातात.

आता माझा प्रश्न. आमच्या चाळीतले एक काका म्हणाले की पीएफच्या पेन्शनमध्येच अपंगत्वाचं पेन्शन वेगळं असतं, त्यात कपात होत नाही. सल्लागाराला विचारलं तर म्हणाला, "त्याला दोन्ही हात-पाय जावे लागतात, तुमचं नाही होणार, उगीच वर्षभर लटकाल." हे खरं आहे का? दिव्यांग कार्डासाठी ऑनलाइन अर्ज केला आहे, तपासणीची तारीख यायची आहे. संजय गांधी योजनेचं (निराधारांना सरकार महिन्याला पैसे देतं ती) पण कोणीतरी म्हणालं. मुलगा कुरिअरमध्ये लागला आहे, मुलगी बारावीला आहे, बायको दोन घरी पोळ्या करते.

महिन्याचे साडेसहाशे म्हणजे कोणाला काही वाटणार नाहीत. पण ते मरेपर्यंतचे आहेत, म्हणून सही करायच्या आधी विचारतोय. ज्यांनी स्वतः यातून काढलं आहे त्यांनी कृपया सांगा.

---

मरोळची_ताई | १२ ऑगस्ट २०२५

भाऊ, हात जोडून सांगते, त्या पत्रावर सही करू नका. निदान आठ दिवस तरी नाही.

माझ्या मिस्टरांना २०१९ मध्ये अर्धांगवायूचा झटका आला. मरोळला खोक्यांच्या कारखान्यात होते, वय ५१. डावा हात आणि पाय. मी हॉस्पिटलच्या बाकावर बसलेली असताना ऑफिसचा माणूस कागद घेऊन आला. म्हणाला, वहिनी, यावर अंगठा घ्या, नाहीतर फंड अडकेल. त्यांचा उजवा हात चालत होता, त्यांनी सही केली. काय लिहिलं होतं ते मी दोन महिन्यांनी वाचलं. "वैयक्तिक कारणास्तव राजीनामा देत आहे." आजाराचा शब्द नाही, तारीख झटक्याच्या आधीची.

नंतर अपंगत्वाचं पेन्शन मागायला गेले तेव्हा विचारलं, नोकरीत असताना अपंगत्व आलं याचा कागद कुठे आहे? आमच्याकडे कागद उलटं सांगत होता. धड बोलता येत नसलेल्या नवऱ्याला रिक्षात घालून किती फेऱ्या मारल्या ते मोजलं नाही. शेवटी घरात पैसाच नव्हता म्हणून लवकरचं पेन्शन घेतलं. सात वर्षं कमी होती, तेवढ्याची कपात बसली. आम्हाला वाटलं ५८ झाले की पूर्ण होईल. होत नाही भाऊ. ते पुढच्या वर्षी ५८ पूर्ण करतील, आणि आकडा तोच राहणार.

आणखी एक जे मला कोणी सांगितलं नव्हतं. माणूस गेल्यावर बायकोला त्याच्या पेन्शनच्या निम्मं मिळतं. म्हणजे आज तुमचं जे कापलं जाईल ते उद्या वहिनींच्या ताटातून पण जाईल. त्यांना हे दाखवा आणि दोघं मिळून ठरवा.

तुमच्याकडे अजून एक गोष्ट आहे जी आमच्याकडे उरली नव्हती. तुम्ही अजून हजेरीपटावर आहात.

---

निवृत्त_आस्थापना | १३ ऑगस्ट २०२५

मशीनमन दादा, मी ३१ वर्षं खाजगी कारखान्यांच्या आस्थापना विभागात काम केलं. पीएफ आणि ईएसआय दोन्हीचे कागद माझ्या हातून गेले आहेत. सविस्तर लिहितो, मुलीला सावकाश वाचून दाखवायला सांगा.

तुमच्या सल्लागाराने हात-पायांचं जे सांगितलं ते चूक आहे. कर्मचारी पेन्शन योजना १९९५, परिच्छेद १५. त्यात शब्द "कायमचं आणि पूर्ण अपंगत्व" असे आहेत, आणि ते शब्द ऐकूनच माणसं मागे फिरतात. पण पुढे काय तपासायचं हेही तिथेच लिहिलेलं आहे. अपंगत्व आलं तेव्हा माणूस जे काम करत होता त्या कामाला तो कायमचा आणि पूर्णपणे अयोग्य झाला का, एवढंच वैद्यकीय तपासणीत बघायचं असतं. जगातल्या कुठल्याही कामाला अयोग्य असं नाही. तुम्ही वॉचमन म्हणून खुर्चीवर बसू शकाल का हा प्रश्न नाही. ज्या माणसाला रजिस्टरची फुली दिसत नाही आणि रोलरजवळचा स्वतःचा हात दिसत नाही, तो मशीनमन म्हणून काम करू शकतो का, हा प्रश्न आहे. तुम्ही वर तुमच्या कामाचं जे वर्णन केलं आहे ना, तेच अर्जासोबत मालकाच्या सहीने द्या. पदाचं नाव नुसतं "कामगार" असं लिहू देऊ नका.

या पेन्शनला दहा वर्षांची अट नाही, एका महिन्याची वर्गणी भरलेली असली तरी चालते. ५८ च्या आधीची ४ टक्क्यांची कपात नाही. अपंगत्व आलं त्याच्या दुसऱ्या दिवसापासून लागू होतं आणि आयुष्यभर मिळतं. अर्ज त्याच १०-डी वर करायचा, फक्त पेन्शनचा प्रकार वेगळा लिहायचा. मग पीएफ ऑफिस सांगेल त्या वैद्यकीय मंडळापुढे उभं राहायचं. अट एकच आणि ती पक्की, अपंगत्व नोकरीत असताना आलेलं हवं. वरच्या ताईंचं नेमकं तिथेच गेलं. म्हणून राजीनाम्यातल्या एका ओळीसाठी मी इतकं लिहितोय.

सल्लागार मुद्दाम फसवतोय असं मी म्हणणार नाही. नुसता लवकर घेणे की थांबणे एवढाच हिशेब केला तर तो बरोबरच आहे. आजपासून २,६५० घेतले तर ५८ पर्यंत पाच वर्षांत १,५९,००० हातात येतात. थांबलात तर ५८ नंतर दरमहा ६५० जास्त. ते दीड लाख भरून निघायला वीस वर्षं लागतात, म्हणजे वयाची ७८. त्यामुळे घरी बसलेल्या धडधाकट माणसाला मीही कधीकधी घेऊन टाका म्हणालो आहे. पण तुमच्यापुढे हा प्रश्नच नाही. तुम्हाला आजपासूनही आणि न कापलेलंही मिळू शकतं, मग कापलेलं का घ्यायचं?

आता खरी गोष्ट. तुम्ही लिहिलं आहे, ईएसआयचे १५३ जातात. हे वाचून मी खुर्चीत सरळ बसलो. म्हणजे तुम्ही विमेदार आहात. (२१,००० पर्यंत पगार असेल तर ईएसआय लागू असतं, तुमचे २०,४०० आहेत.) तुम्ही बहुतेक त्या कार्डावर फक्त औषधं आणत असाल, किंवा तीही नाही. त्यात आजारपणाचे पैसे मिळतात, वर्षाला ९१ दिवस, सरासरी पगाराच्या ७० टक्के. आणि त्याच्यापुढे मोठ्या, लांबणाऱ्या ३४ आजारांची यादी आहे, त्या आजारांना वाढीव लाभ मिळतो. ८० टक्के, आणि सगळं मिळून दोन वर्षांपर्यंत जाऊ शकतो. त्या यादीत डोळ्यांच्या रकान्यात काचबिंदू आहे. अट म्हणजे दोन वर्षं सलग नोकरी आणि मागच्या चार वर्गणी-कालावधींत (सहा-सहा महिन्यांच्या) मिळून १५६ दिवसांची वर्गणी. तुमची दोन्ही सहज भरतात.

म्हणजे बघा, तुमच्यासमोर महिन्याला २,६५० ठेवले आहेत, आणि तुमचा हक्क आहे पहिले तीन महिने साधारण १४,००० चा आणि पुढे १६,००० चा. राजीनामा दिलात की हा हक्क त्याच दिवशी धोक्यात येतो.

काय करायचं ते सांगतो. उद्याच तुमच्या भागातल्या ईएसआय दवाखान्यात जा. बाहेरच्या डॉक्टरांचे सगळे रिपोर्ट न्या, त्या ठिपक्यांच्या तपासणीचा छापील कागद तर नक्कीच न्या. पण रजेचा दाखला ईएसआयच्याच डॉक्टरचा लागतो, बाहेरचा चालत नाही. ते तुम्हाला रुग्णालयात तज्ज्ञाकडे पाठवतील. तुम्ही भांडुपचे, म्हणजे मुलुंडचं कामगार रुग्णालय जवळ पडेल. दाखला मिळाला की त्याची एक प्रत प्रेसमध्ये द्या आणि पोच घ्या. आजारपणाचा लाभ चालू असताना मालकाला तुम्हाला काढता येत नाही, ऑगस्ट २०२५ ला लागू असलेल्या ईएसआय कायद्याचं कलम ७३ आहे. मालकांना हेही सांगा की या काळात त्यांना तुमचा पगार द्यायचा नाही, पैसे ईएसआय देतं. सांभाळून घेणारा मालक आहे म्हणता, तर तो ऐकेल.

या काळात हजेरीपटावर राहून परिच्छेद १५ चे कागद तयार करा. जेव्हा केव्हा सुटायचं तेव्हा पत्रात "वैयक्तिक कारण" नको. "डोळ्यांच्या कायमच्या आजारामुळे मशीनमनचं काम करण्यास असमर्थ, म्हणून मुदतपूर्व निवृत्ती" असं स्पष्ट हवं. याचा आणखी एक उपयोग आहे. पाच वर्षं विमेदार राहून मुदतपूर्व निवृत्ती घेणाऱ्याला वर्षाला १२० रुपये भरून नवरा-बायको दोघांचे उपचार ईएसआयमध्ये चालू ठेवता येतात. तुम्हाला जन्मभर थेंब घालायचे आहेत. साध्या राजीनाम्यावर ही सवलत मागायला गेलात तर वाद होतो.

ग्रॅच्युइटी दोन्हीकडे सारखीच. या प्रेसची १६ वर्षं धरून सव्वा लाखाच्या वर होते, ती वेगळी घ्या, पेन्शनच्या बोलण्यात मिसळू देऊ नका. फंडाच्या रकमेचंही तेच.

---

दादरकर_७ | १३ ऑगस्ट २०२५

राजीनामा कशाला? दिव्यांग हक्क कायदा २०१६, कलम २०(४). नोकरीत असताना अपंगत्व आलं तर काढता येत नाही, पद कमी करता येत नाही. जमेल असं दुसरं काम त्याच पगारात द्यायचं, तेही नसेल तर जास्तीचं पद तयार करून निवृत्तीपर्यंत ठेवायचं. माझा मेहुणा सरकारी उपक्रमात बस चालवायचा. नजरेच्या तपासणीत बाद झाला, आज डेपोत टाइमकीपर आहे, पगार तोच. सर्वोच्च न्यायालयाचा कुणाल सिंग खटला पण आहे, २००३ चा. पाय गेलेल्या जवानाला आजारपणाची पेन्शन देऊन घरी बसवलं होतं. कोर्ट म्हणालं, पेन्शन दिलं म्हणून नोकरीचा हक्क बुडत नाही. भांडा दादा.

---

निवृत्त_आस्थापना | १३ ऑगस्ट २०२५

दादरकर, तुमची माहिती बरोबर आहे, पण कलम २०(४) सरकारी आस्थापनांना आहे. सरकार, महापालिका, त्यांचे उपक्रम, त्यांच्या कंपन्या. कुणाल सिंग खटलाही १९९५ च्या जुन्या कायद्यातल्या तशाच कलमावरचा आहे. मशीनमन दादा खाजगी प्रेसमध्ये आहेत, त्यांनी हे घेऊन मालकाशी भांडण काढलं तर हातचं चांगलं बोलणंही जाईल. सरकारी नोकरीत कोणी वाचत असेल तर मात्र त्याने हे कलम पाठ करावं, आणि स्वेच्छानिवृत्तीच्या अर्जावर सही करायच्या आधी लेखी दुसरं काम मागावं.

---

मरोळची_ताई | १४ ऑगस्ट २०२५

संजय गांधीचं मी सांगते, कारण आम्ही ते केलं आहे. दिव्यांग असेल तर निदान ४० टक्क्यांचं प्रमाणपत्र लागतं आणि कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न ५०,००० च्या आत लागतं. ऑगस्ट २०२५ पर्यंत महिन्याला १,५०० मिळत आले आहेत. तुमचा मुलगा कमावता आहे आणि एका घरात राहता, तर उत्पन्नाचा दाखला त्या आत बसणार नाही. आमच्या घरात कमावणारं कोणी नव्हतं म्हणून बसला. खोटा दाखला काढून देतो म्हणणारे बाहेर उभे असतात, त्यांच्या नादी लागू नका.

पण कार्ड काढाच. टक्केवारी किती येते ते बघा. आमच्या शेजारच्या मुलाचा एक डोळा पूर्ण गेला आहे, दुसरा चांगला आहे, त्याला ३० टक्केच मिळाले. तो खूप रडला होता. तुमचा दुसरा डोळाही बाजूने गेला आहे, म्हणून त्या ठिपक्यांच्या तपासणीचा कागद तिथेही न्या. नुसती अक्षरं वाचून दाखवलीत तर डावा डोळा चांगला म्हणून लिहून देतील.

---

निवृत्त_आस्थापना | १४ ऑगस्ट २०२५

ताईंनी फार नेमकं सांगितलं. त्यात एकच भर. कार्डावर समजा ३० टक्के आले, तरी खचू नका आणि परिच्छेद १५ चा अर्ज सोडू नका. कार्डावर डोळ्याचं माप असतं. पीएफच्या मंडळाला तुमच्या कामाचं उत्तर द्यायचं असतं. माझ्या एका माणसाची उजव्या हाताची दोन बोटं गेली होती, टक्केवारी मामुली. पण तो साच्यावर बारीक कोरीवकाम करायचा. काम काय ते आम्ही पानभर लिहून दिलं होतं, आणि त्याचं पेन्शन झालं.

आणि पीएफचं पासबुक उघडून बघा. प्रभादेवीच्या प्रेसची वर्षं या खात्यात जोडलेली दिसतात का? फंडाची रक्कम आलेली असते आणि पेन्शनची सर्व्हिस आलेली नसते, असं पुष्कळदा होतं. ती आठ वर्षं नसतील तर तुमचे ३,३०० होणारच नाहीत.

---

मशीनमन_भांडुप | २१ ऑगस्ट २०२५

उशीर झाला, माफ करा. सोमवार-मंगळवार पावसात गाड्या बंद होत्या, आणि गर्दीत आता मला एकट्याला जाववत नाही. मुलीचं कॉलेज बुडवून तिला बरोबर घेतलं.

पत्रावर सही केलेली नाही.

दवाखान्यात गेलो. तिथल्या डॉक्टरबाईंनी सगळे कागद पाहिले आणि पहिलं वाक्य म्हणाल्या, "इतके महिने कुठे होतात?" मी म्हणालो, कामावर होतो. त्यांनी आठ दिवसांचा दाखला दिला आणि मुलुंडला डोळ्यांच्या तज्ज्ञाकडे चिठ्ठी दिली. थेंबही तिथूनच मिळाले. मी जे बाहेरून विकत आणत होतो, तेच. घरी येऊन बायकोने दोन्ही बाटल्या शेजारी शेजारी ठेवल्या आणि बराच वेळ काही बोलली नाही.

मग मालकांकडे गेलो. सल्लागार पण होता. मी ताईंनी आणि निवृत्त साहेबांनी लिहिलेलं मुलीकडून मोठ्याने वाचून दाखवलं. काचबिंदू त्या यादीत आहे यावर सल्लागाराचा विश्वास बसेना, त्याने मोबाइलवर शोधलं. सापडलं तेव्हा म्हणाला, "माझ्याकडे ईएसआयचं असं प्रकरण कधी आलं नाही, सगळे लगेच पैसे मागतात." मला त्याचा राग आला नाही. पण मी मनात म्हटलं, माझ्या आधी प्रेसमधून तीन जण असेच गेले. एक तर बायंडिंगचा माणूस, त्याचा श्वास जायचा. त्यांना कोणी यादी वाचून दाखवली नाही. त्यातल्या दोघांचे पत्ते माझ्याकडे आहेत. राजीनामा झाल्यावर आता काही होत नसेल, तरी मी जाऊन विचारणार आहे.

मालकांनी एकच विचारलं, "मला पगार द्यायचा नाही ना?" नाही म्हटल्यावर दाखल्याच्या प्रतीवर पोच दिली, शिक्का मारला. कामाचं वर्णन लिहून देतो म्हणाले आहेत. मी ते हेल्परकडून लिहून घेतलं आहे, कारण आता रोज तेच काम तो करतो. त्याने असं लिहिलं: "छापील शीटवरील चार रंगांच्या खुणा भिंगाखाली तपासणे, चालू मशीनच्या दोन्ही बाजूंस लक्ष ठेवणे, शाई व पाण्याचे प्रमाण शीटच्या रंगावरून ओळखणे." पोरगं चांगलं शिकलं.

निवृत्त साहेब, पासबुक पाहिलं. तुमचा अंदाज खरा निघाला. प्रभादेवीचे पैसे आले आहेत, पण पेन्शनच्या रकान्यात सर्व्हिस २००९ पासूनच दिसते. तिथली सोडल्याची तारीख रिकामी आहे. प्रेस तर बंद झाली, मालक वारले. माझ्याकडे तिथलं ओळखपत्र आहे, २००६ ते २००८ च्या पगाराच्या पावत्या आहेत, आणि फंडाची एक वार्षिक चिठ्ठी आहे ज्यावर जुना खाते नंबर आहे. बांद्र्याच्या पीएफ ऑफिसात हे एवढं घेऊन गेलं तर चालेल का, की आधी ऑनलाइन तक्रार टाकू? आणि हे आधी उरकू की परिच्छेद १५ चा अर्ज आधी?

ताई, तुमच्या मिस्टरांना माझा नमस्कार सांगा. तुम्ही लिहिलं नसतं तर मी त्याच रात्री सही केली असती, पेन पुढ्यात होतं.

भिंग हेल्परने मागितलं. दुसरं एक आणून दिलं त्याला. माझं खणातच ठेवलं आहे, कारण मी रजेवर आहे, सुटलेलो नाही. सोमवारी मुलुंडची तारीख आहे. तिथे काय होतं ते लिहितो.

---

निवृत्त_आस्थापना | २१ ऑगस्ट २०२५

आधी सर्व्हिस जोडून घ्या, नाहीतर पेन्शन कमी वर्षांवर ठरेल आणि मग दुरुस्तीच्या मागे लागावं लागेल. ऑनलाइन तक्रार आजच टाका, तिचा नोंदणी क्रमांक लिहून ठेवा आणि तो घेऊनच बांद्र्याला जा. जुन्या खाते नंबरची चिठ्ठी ही तुमची सगळ्यात मोठी गोष्ट आहे. मूळ कागद कोणाच्याही हातात देऊ नका, प्रती द्या. मुलुंडला जाताना आठ दिवसांचा दाखला संपायच्या आत पुढचा घ्या, मध्ये एक दिवसही रिकामा राहू देऊ नका.